बापाच्या हाती बाळ, आईला घटकाभर उसंत: रोहिंग्या छावण्यांत काम करणाऱ्यांसाठी

छावणीत बापांचे गट चालवणाऱ्या प्रकल्पांचे अहवाल वाचले की एक ठरावीक वाक्य सापडतं : इतके बाप बैठकीला आले, इतक्यांनी बाळाला रोज अर्धा तास खेळवलं. त्या अर्ध्या तासात आई काय करत होती, हे मात्र कुठे लिहिलेलं नसतं. प्रत्यक्षात ती पाणी भरत होती, भांडी घासत होती. बाळ रडायला लागलं तेव्हा बापाने ते तिच्याच कडेवर आणून दिलं. बापाचा अर्धा तास कागदावर जमा झाला, आईच्या खात्यात काहीच पडलं नाही.

समाजकार्य शिकून, नर्सिंग करून किंवा डॉक्टर होऊन आपल्याकडची काही तरुण मंडळी निर्वासितांसोबत काम करायला जातात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरण बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांचं घेतलं आहे. पुढची प्रत्येक पायरी एका मापाने तपासा : यातून आईची झोप, तिचं जेवण, तिची भीती, तिचं एकटेपण यांतलं नेमकं काय बदललं?

आधी घर समजून घ्या

२५ ऑगस्ट २०१७ ला सुरू झालेल्या लष्करी कारवाईनंतरच्या काही महिन्यांत म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुस्लिम सीमा ओलांडून आले. आधीच्या दशकांत आलेले धरून आज उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांतल्या ३३ छावण्यांत दहा लाखांहून अधिक माणसं राहतात. घर म्हणजे टेकडीच्या उतारावर बांबू आणि ताडपत्रीची एक खोली. शौचालय आणि नळ सामायिक. पडदा पाळणाऱ्या बाईला दिवसाउजेडी नळावर जाणं जड जातं, म्हणून तिची बरीच कामं पहाटे नाहीतर रात्री उरकतात. तिची झोप मोडण्याचं हे एक मोठं कारण, आणि ते बाळाच्या रडण्याइतकं कुणाच्या लक्षात येत नाही.

पुरुषाची अडचण वेगळी आहे. राखाइनमध्ये तो शेतकरी होता, मासे धरत होता, दुकान चालवत होता. इथे त्याला कायद्याने नोकरी करता येत नाही आणि छावणीच्या कुंपणाबाहेर मोकळेपणी जाता येत नाही. संस्थांकडे स्वयंसेवक म्हणून थोडंफार काम मिळतं, तेही सगळ्यांना नाही. १९४७ नंतर कल्याणच्या छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात आलेल्या सिंधी कुटुंबांनी बराकींत हाल काढले, पण त्यांच्या पुरुषांना डोक्यावर गाठोडं घेऊन लोकलने मुंबईत फेरीला जाता येत होतं. इथल्या कुतुपलाँग छावणीतल्या बापाला ती वाट बंद आहे. २०१८ पासून घरोघर गॅस मिळू लागला आणि लाकूडफाटा आणायचं उरलंसुरलं कामही गेलं. गॅस आला हे उत्तमच झालं, पण पुरुषाच्या हातातलं घरासाठी करायचं आणखी एक काम कमी झालं, हे ध्यानात ठेवा.

म्हणजे त्याच्याकडे वेळ आहे. तो हातभार लावत नाही याचं कारण लाज आणि सवय. आपल्याकडे बायकोला मदत करणाऱ्याला ‘ताटाखालचं मांजर’ म्हणतात. छावणीतल्या चहाच्या टपरीवर शब्द वेगळा असेल, हसणं तेच असतं.

पहिली पायरी : बायकांना आधी विचारा

बहुतेक जण इथेच चुकतात. पुरुषांचा गट म्हणून थेट पुरुषांकडे जातात. बापाने काय करावं हे आईनेच सांगायला हवं. छावण्यांत केवळ बायकांसाठीच्या सुरक्षित जागा आहेत, त्यांना लोक ‘शांतीखाना’ म्हणतात. तिथल्या कार्यकर्तीला सोबत घ्या आणि बायकांच्या लहान गटात बसा. (पुरुष कार्यकर्ता असाल तर तुम्ही जाऊच नका. बाई कार्यकर्तीच जाईल.)

बायकांपैकी बहुतेकींना लिहिता-वाचता येत नाही. त्यामुळे फॉर्म नको. जमिनीवर खडूने मोठं वर्तुळ काढा. पाच नमाजांच्या वेळांनी दिवसाचे भाग पाडा. त्यांच्या आयुष्यात घड्याळापेक्षा अजान जास्त खरी आहे. प्रत्येक भागात कोणतं काम असतं ते वस्तू ठेवून दाखवायला सांगा : पाण्यासाठी शिंपला, स्वयंपाकासाठी काटकी, बाळासाठी खडा. मग दोनच प्रश्न विचारा. यांतलं कोणतं काम सगळ्यात जड वाटतं? आणि कोणतं काम नवऱ्याने केलं तर तुला *अवघड* होईल?

दुसरा प्रश्न गाळू नका. काही बायकांना नवऱ्याने स्वयंपाकघरात शिरलेलं नको असतं. सासू किंवा जाऊ बोलेल ही भीती असते. काहींना वाटतं, रेशनचं धान्य त्याच्या हाती गेलं तर आपला उरलासुरला अधिकारही जाईल. आणि एखादी बाई या प्रश्नावर नुसती गप्प होते. त्या गप्प होण्याची मनात नोंद ठेवा, सर्वांसमोर खोदून विचारू नका.

दुसरी पायरी : परवानग्या आणि माणसं

छावणीत बांगलादेश सरकारचा कॅम्प-इन-चार्ज असतो, त्याची परवानगी लागते. प्रत्येक ब्लॉकला ‘माझी’ म्हणून पुढारी असतो, आपल्याकडच्या मुकादमासारखा. तिसरा इमाम. तिघांना भेटा, पण इमामाकडे सगळ्यात जास्त वेळ बसा. बाळाला कडेवर घेणारा बाप हा बाहेरच्यांनी आणलेला विचार आहे, असं एकदा ब्लॉकमध्ये पसरलं की गट संपला. पैगंबर घरची कामं स्वतः करत आणि नातवंडांना अंगाखांद्यावर खेळवत, हे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदींत आहे. इमामाला ते तुमच्याहून चांगलं माहीत असतं. शुक्रवारी ते त्याच्या तोंडून यावं, तुमच्या नाही.

गट चालवणारा रोहिंग्याच हवा, आणि त्याला लहान मूल असलं पाहिजे. रोहिंग्या भाषा चितगावच्या बोलीला जवळची आहे, ढाक्याची बंगाली बोलणारा कार्यकर्ता तिथे अडखळतो. शिक्षणाचा आग्रह धरू नका. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरोघर नेली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त घटल्याचं दिसलं. डिग्रीपेक्षा शेजार, सराव आणि दर आठवड्याची देखरेख कामाला येते, हे महाराष्ट्राला कुणी वेगळं सांगायला नको.

गट दहा-बारा जणांचा ठेवा. बैठक आठवड्यातून एकदा, अस्रच्या (दुपार कलतानाच्या) नमाजाआधी, तासाभराची. रेशन वाटपाचा दिवस टाळा. रमजानमध्ये बैठका लहान करा.

तिसरी पायरी : पहिल्या दोन बैठकांत काहीही शिकवू नका

पुरुष येतात ते शिकवणी होणार या तयारीने, हाताची घडी घालून. त्यांना विचारा : तुमच्या वडिलांनी तुम्हाला हातात धरून काय शिकवलं? नांगर, जाळं, पोहणं, बाजारातला हिशेब, कुराणातलं पहिलं पान. बोलू लागले की थांबत नाहीत. मग हळूच विचारा : तुमच्या मुलाला तुम्ही यांतलं काय देऊ शकता?

इथे शांतता पसरते. शेत नाही, नदी नाही. या क्षणी घाईने ‘पण तुम्ही खेळू तर शकता!’ असं म्हणणारा कार्यकर्ता मला फार खटकतो. थोडं थांबा. या माणसांनी घरं जळताना पाहिली आहेत आणि त्यांच्या बापपणाचा अर्थच गावाकडे राहिला आहे. मात्र २०१७ ची कहाणी मुद्दाम काढून घेऊ नका. आघात झालेल्यांना एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याचा फायदा होत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनाही ते न करण्याचा सल्ला देते. कुणी स्वतःहून बोललं तर ऐका, पाणी द्या, एकटं पाठवू नका.

शब्द जपून वापरा. ‘मानसिक आजार’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वेड येतं. रोहिंग्या माणूस ‘ओशांती’ म्हणतो, ‘चिंता’ म्हणतो. हे शब्द मराठी कानालाही परके नाहीत. तेच वापरा.

चौथी पायरी : एक काम, ठरलेली वेळ, पूर्ण हवाला

तिसऱ्या बैठकीत बायकांच्या वर्तुळातून आलेली कामं, कुणाचंही नाव न घेता, पुरुषांसमोर मांडा. प्रत्येकाने एकच काम निवडायचं. दोन नाहीत. निवड घरी जाऊन बायकोला विचारून पक्की करायची आणि पुढच्या आठवड्यात सांगायची.

काम कसं निवडावं याचा माझा क्रम असा आहे. आधी घरातलं, मग दारातलं, मग रस्त्यावरचं. घरात बाळाला अंगावर घेऊन झोपवणं कुणी पाहत नाही, म्हणून तिथून सुरुवात. मग दारात बसून भरवणं. बाळाला कडेवर घेऊन लसीसाठी आरोग्य केंद्रात जाणं त्यानंतर, कारण तेव्हा सगळा ब्लॉक बघतो. पाणी आणणं मात्र या क्रमाला अपवाद आहे. ते रस्त्यावरचं काम असलं तरी ताकदीचं असल्याने पुरुषांना त्यात कमीपणा वाटत नाही, आणि बायकोची पहाटेची फेरी लगेच वाचते. पहिल्या आठवड्यात निम्मे बाप पाणीच निवडतील. निवडू द्या.

खरी मेख ‘पूर्ण हवाला’ या शब्दांत आहे. मगरीब ते इशा, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजापासून रात्रीच्या नमाजापर्यंत, बाळ बापाकडे म्हणजे बापाकडे. रडलं तरी, शी केली तरी. भूक लागली तरच आईकडे. हे बापाला जमावं म्हणून गटात प्रत्यक्ष सराव करून घ्या : बाळाला खांद्यावर उभं धरून पाठ थोपटणं, पोटावर आडवं झोपवून डुलवणं, लंगोट बदलणं, ढुंगण धुणं. बाहुली नसेल तर गुंडाळलेली चादर चालते. पहिल्यांदा हसतील. दुसऱ्यांदा एकमेकांच्या चुका काढतील. तिथे तुमचं काम निम्मं झालं.

त्या वेळात आईने काय करायचं हे *तिने* ठरवायचं. बहुतेकजणी सुरुवातीला आणखी काम काढतात, तो हाताचा चाळा असतो. कार्यकर्तीने तिच्याशी वेगळं बोलून सुचवावं : पहिले दोन आठवडे या वेळात निजायचं, नाहीतर शेजारणीकडे जाऊन बसायचं. बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस रोहिंग्या घरांतही पाळले जातात, आपल्या सव्वा महिन्यासारखे. गावी त्या काळात आई, मावशी, बहिणी राबत. इथे त्या दुसऱ्या छावणीत आहेत, किंवा नाहीतच. त्या चाळीस दिवसांत बापाने एकाऐवजी तीन कामं घ्यावीत, एवढा एकच अपवाद करा.

पाचवी पायरी : खेळ

याबद्दल साहित्य भरपूर आहे, म्हणून थोडक्यात. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला बापाचा चेहरा आणि आवाज पुरतो. वीतभर अंतरावर तोंड आणा, बाळ जो आवाज काढेल तो परत काढा, थांबा, त्याची पाळी येऊ द्या. पुढे लपाछपी, वाटी-चमचा, बांबूची खुळखुळी. दीड-दोन वर्षांनंतर नावं सांगणं, मोजणं, रेषा ओढणं. खेळणी वाटू नका. वाटप थांबलं की खेळही थांबतो. गाणी त्यांची त्यांनाच आठवू द्या. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने छावण्यांत लहान मुलांची खेळघरं उभारली, तीही रोहिंग्या बडबडगीतं आणि खेळ गोळा करूनच.

सहावी पायरी : ताटावरचं बोलणं

२०२३ मध्ये निधी आटल्यामुळे जागतिक अन्न कार्यक्रमाची माणशी महिन्याची मदत १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आली. पुढे ती वाढली, पण तो काळ घरोघरच्या अंगात मुरलेला आहे. धान्य कमी झालं की कोण कमी खातं? आई. ती सगळ्यांत शेवटी जेवते, आणि तीच अंगावर पाजणारी असते. पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त लागतात, हे पुरुषांना सांगा, पण आकड्यात नको. ताटात दाखवा : भाताची एक वाढीव मूठ, डाळ, आणि मिळालं तर अंडं.

मग घरी करायचा एक प्रयोग द्या. आठवडाभर बायकोचं ताट आधी वाढायचं, नाहीतर दोघांनी एकत्र बसायचं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं रेशनचा हिशेब दोघांनी मिळून करायचा. नवऱ्याने बोलण्याआधी बायकोचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचं. हे लिहायला सोपं आहे, म्हणून नवरा-बायकोची एकत्र बैठक घ्या आणि तिथे करून बघा. रवांडात ‘बांदेबेरेहो’ नावाचा असाच कार्यक्रम सुमारे १,२०० जोडप्यांत तपासला गेला. पुरुषांच्या १५ बैठका होत्या आणि त्यांतल्या काहींना बायकाही होत्या. त्यानंतर बायकांनी सांगितलेली मारहाण कमी झाली आणि पुरुषांचा घरकामातला वाटा वाढला.

सातवी पायरी : मार असेल तिथे

हा भाग दोनदा वाचा. ज्या घरात बाई नवऱ्याला घाबरते, तिथे ‘बापाचा सहभाग’ म्हणजे तिच्यावरची आणखी एक नजर ठरू शकते. बाळाच्या काळजीच्या नावाखाली तिचं बाहेर जाणं, शांतीखान्यात बसणं बंद होऊ शकतं. म्हणून :

- एकत्र बैठकीला बोलावण्याआधी बाई कार्यकर्तीने प्रत्येकीला एकटीने गाठून तिची तयारी विचारायची. ‘नको’ म्हणाली तर कारण विचारायचं नाही, आणि नवऱ्याला कळेल असं काही करायचं नाही. त्याला सांगायला काहीतरी साधं निमित्त हवं : जागा भरली, पुढच्या वेळी.
- बाईने सांगितलेली गोष्ट पुरुषांच्या गटात कधीही, नाव झाकूनसुद्धा, लगेच त्याच आठवड्यात काढायची नाही. ब्लॉक लहान असतो.
- तुम्ही मध्यस्थी करायची नाही आणि माझीकडे प्रकरण न्यायचं नाही. तिची इच्छा असेल तर शांतीखान्यातल्या प्रशिक्षित कार्यकर्तीपर्यंत तिला पोहोचवणं, एवढंच तुमचं काम.

आठवी पायरी : थकवा आणि आजार यांतला फरक

संघर्षातून आलेल्या लोकांत दर पाचांतल्या एकाला कोणता ना कोणता मानसिक त्रास असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. उसंत मिळाली की थकवा उतरतो, नैराश्य उतरत नाही. बायकोत दिसू शकणाऱ्या नैराश्याच्या तीन खुणा बापांना शिकवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास किंवा पार सुन्न. बाळ झोपलं असतानाही झोप नाही. बाळाकडे पाहावंसं, त्याला उचलावंसं वाटत नाही. यांतलं काही दिसलं तर तिला आळशी म्हणायचं नाही, जिन लागला म्हणून घरात कोंडायचं नाही, आरोग्य केंद्रात सोबत जायचं. ‘मी नसते तर बरं’ असं काही ती बोलली तर त्याच दिवशी जायचं, आणि तोवर तिला एकटं सोडायचं नाही. इमामाची दुआ हवी असेल तर घ्या, दोन्ही एकत्र चालतात.

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही, हे गटात ठासून सांगा. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावातल्या आरोग्य सेविकांनी घरी जाऊन, ठरावीक पद्धतीने बोलून, नैराश्यातल्या बाळंतिणींवर उपचार केले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनी नैराश्य उरलेल्या बायकांचं प्रमाण, असा उपचार न मिळालेल्यांच्या तुलनेत, निम्म्याहून कमी निघालं. त्यातली एक बारीक नोंद मला फार मोलाची वाटते : आई सावरली त्या घरांत *दोघेही* पालक बाळाशी जास्त खेळू लागले. म्हणजे बाप बदलला की आई सावरते, एवढंच खरं नाही. उलट्या बाजूनेही चाक फिरतं. म्हणून आईचा उपचार बापाच्या गटाची वाट बघत ठेवू नका.

बापांतही ओशांती असते. तो चिडतो, दिवसभर बाहेर राहतो, नशेच्या गोळ्यांकडे वळतो. रडणारा बाप तुम्हाला क्वचित दिसेल, गैरहजर बाप नेहमी दिसेल. दोन बैठका चुकल्या की त्याच्या घरी जा. जाब विचारू नका, सोबत चहा घ्या.

नववी पायरी : मोजमाप

महिन्यातून एकदा बाई कार्यकर्तीने आईला एकटीने तीन गोष्टी विचारायच्या. काल रात्री सलग किती झोपलीस? काल कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर जेवलीस? या आठवड्यात मनातलं कुणाशी बोललीस? उत्तरं खड्यांनी मोजा. बापाने काय केलं हे बापाला विचारू नका, तो वाढवून सांगतो. (आपणही सांगतो.) तीन महिने बापाची हजेरी भरपूर आणि आईचे खडे जागेवरच असतील, तर गट गप्पांचा अड्डा झाला आहे. चौथ्या पायरीवर परत या.

बाप नसलेली घरं

कित्येक घरांत नवरा मारला गेला, मलेशियाला गेला, किंवा त्याने दुसरं लग्न केलं. ‘बापांचा उपक्रम’ म्हटलं की या बायका आपोआप बाहेर राहतात, आणि सर्वांत थकलेल्या त्याच असतात. त्यांच्यासाठी आजोबा, मामा, मोठा भाऊ यांना गटात घ्या, पण बाईने नाव सुचवलं तरच. कुणीच नसेल तर शेजारच्या दोघी-तिघींची पाळी लावा : एकीच्या मुलांना दुसरीने सांभाळायचं, तोवर पहिलीने निजायचं. बापांच्या गटाने अशा घरांचं पाणी आणायचं ठरवलं तर हंडे दाराबाहेर ठेवायचे आणि आत जायचं नाही. तिची अब्रू सांभाळण्याचा हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका.

पावसाळ्यात उतारावरची घरं खचतात, कोरड्या दिवसांत आगी लागतात. त्या आठवड्यांत बैठका भरणार नाहीत. तेव्हा निरोप एवढाच पाठवा : बाळ कुणी उचलायचं आणि कागदपत्रांची पिशवी कुणी घ्यायची, हे आज रात्री दोघांनी ठरवून ठेवा.